दिसते का जी?

व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, हे आता सौंदडात चहाच्या टपरीवरही कळते. 'गुरुजी कुठे गेले?' 'व्हीसीत आहेत जी.' गुरुजी दाराआडून स्पष्ट दिसत असतात, पण ते व्हीसीत असल्यामुळे कोणी हाक मारत नाही. आमचे गाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, त्यात गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे स्टेशन. त्यामुळे कोणाचा माइक चुकून उघडा राहिला की मालगाडीच्या भोंग्यावरूनच साऱ्या जिल्ह्याला समजते, सौंदडवाले जोडले गेले.

माइकचे पाप तसे किरकोळ. माणसाची खरी परीक्षा स्क्रीन शेअर करताना होते. पाहुण्याला ओसरीवर बसवायचे सोडून एकदम माजघरात न्यावे, तसा हा प्रकार.

याचा आद्यपुरुष डग्लस एंगलबार्ट. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या भर सभेत त्याने मेन्लो पार्कला बसलेल्या सहकाऱ्याला आपल्या पडद्यावर आणले आणि दोघांनी एकाच मजकुरावर काम करून दाखवले. माऊसही त्याच सभेत लोकांपुढे आला. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. भाग्यवान माणूस! एकतर टाळ्या त्याला ऐकू आल्या आणि दुसरे म्हणजे त्याच्या यंत्रात व्हॉट्सॲप नव्हते.

आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस आले की नाटक रात्रभर चालते. नटाचे वाक्य पडले की प्रेक्षक तिथल्या तिथे शिट्टी मारून पावती देतात. स्क्रीन शेअर करणाऱ्याला ती सोय नाही. समोर साऱ्यांचे माइक बंद, कॅमेरे बंद, नुसती नावाची पहिली अक्षरे. आपण काय दाखवतो आहोत हे सगळ्यांना दिसते, दिसते की नाही हे मात्र त्याला एकट्यालाच माहीत नसते. म्हणून तो विचारतो, ''दिसते का जी?'' उत्तर नाही. पुन्हा, ''दिसते का जी?'' मग कोणीतरी दयाळू आत्मा ''हो जी'' म्हणतो. या आत्म्याला बहुधा काहीच दिसत नसते. त्याला व्हीसी लवकर संपवायची असते.

परवाच्या व्हीसीत विषय होता शालेय पोषण आहाराची माहिती. एका गुरुजींना तक्ता दाखवायला सांगितले. शेअर करताना फक्त तक्त्याची खिडकी निवडता येते, पण घाईत पहिला पर्याय दाबला जातो आणि पूर्ण स्क्रीन सर्वांपुढे येते. आधी मीटिंगमध्ये मीटिंग, तिच्यात आणखी मीटिंग, असे बोगदे दिसले. मग तक्ता आला. तो निघाला अर्जुनी मोरगावचा, व्हीसी सडक अर्जुनीची. जिल्ह्यात दोन अर्जुनी ठेवणाऱ्याने हा दिवस पाहिला नसावा.

गुरुजी बरोबर फाइल शोधू लागले आणि व्हीसीत पहिल्यांदाच सारे जागे झाले. तक्त्याकडे कोणी पाहत नसतो. पाहण्यासारखे सगळे तक्त्याच्या आजूबाजूला असते. नातीचा गणवेशातला फोटो. 'फायनल', 'फायनल खरी', 'साहेबांना दाखवलेली फायनल' अशा फायली. शोधायच्या चौकटीत 'पो' टाइप केले तर खाली 'पोट साफ होण्यासाठी उपाय' आपणहून हजर. तेवढ्यात कोपऱ्यातून वहिनींचा निरोप उगवला : 'दहा रुपयाचा सांबार आनजा, मागच्यासारखा सडका नोको.' (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.) गुरुजी गंभीरपणे म्हणाले, ''तर मी काय सांगत होतो…'' त्यांनी अजून काहीच सांगितले नव्हते.

वरचे साहेब मात्र एकाच ठिकाणी थांबले होते. ब्राउझरच्या पट्टीवर एक टॅब उघडा होता, 'धानाचे चुकारे कधी मिळणार'.

साहेबांनी घसा साफ केला. आता गुरुजींची हजेरी घेतली जाणार, असे वाटून आम्ही सावरून बसलो.

''गुरुजी, तो टॅब जरा उघडा,'' साहेब म्हणाले. ''आमचेही धान गेले आहे.''

पुढची वीस मिनिटे एकही माइक बंद नव्हता. गोरेगावकडच्या कोणाचे तरी पैसे जमा झाल्याची बातमी निघाली, ती खोटी ठरली, सातबारा कोणाच्या नावावर हवा यावर दोन मुख्याध्यापक हमरीतुमरीवर आले. पोषण आहाराचा तक्ता दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवायचे ठरले. गुरुजींनी तो पाठवलाही. अर्जुनी मोरगावचाच.