फी सांगतानाची पार्श्वभूमी

वकिलाच्या चेंबरमधले एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर) निकालांचे खंड वाचण्यासाठी असतात, असं फक्त नव्या अशिलालाच वाटतं. नागपूरहून निघणारे हे लठ्ठ खंड फी सांगताना पाठीमागे उभे लागतात. आता म्हणे सगळं टॅबमध्ये आलंय. कारकुनाने फोनवर पानं स्कॅन केली. निम्म्या निकालांत न्यायमूर्तींच्या मताशेजारी त्याचा अंगठा आहे आणि फाइलचं नाव ‘स्कॅन नवीन फायनल २’. ‘बेल’ टाकून शोधलं तर काही सापडत नाही, कारण पान म्हणजे नुसता फोटो. अक्षरओळखीचं सॉफ्टवेअर चालवायचं राहूनच गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ई-एससीआर या संकेतस्थळावर आपले निकाल फुकट खुले केले, तेही शोधता येणारे. पण फुकटच्या मालावर वकिलाने विश्वास ठेवायचा? त्यात १ जुलै २०२४ ला दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं. टॅबमधली भाष्यं अजून ३०२ वरच (जुन्या खटल्यांना चालतंय, तेवढाच आधार). मूळ खंड रद्दीत गेलेले नाहीत. ऑनलाइन सुनावणीत वकीलसाहेबांच्या मागे तेच दिसतात. पुसायलाही माणूस येतो, कॅमेऱ्यात येणाऱ्या तीन फळ्यांपुरता.