रंगवहीचा आराखडा

मुलांच्या हाती शैक्षणिक रंगवही फुकट द्यावी आणि तिच्या पानापानांतून आपला माल त्यांच्या घरात शिरवावा, ही जाहिरातशास्त्रातील युक्ती इतकी सात्त्विक आहे की तिच्याविरुद्ध फिर्याद गुदरण्यास कोणीही पालक धजणार नाही; कारण वर्तमानपत्रातली जाहिरात दुसऱ्या दिवशी चिवड्याच्या पुडीला जाते, परंतु चिरंजीवांनी रंगविलेली कंपनीची बाटली वर्षभर भिंतीवर राहते. रंगवाल्यांचे आम्ही समजू शकतो. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईचा धंदा मांडला, त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली आणि तिने मुलांच्या चित्रस्पर्धा भरविल्या. कंपनीला रंग खपवायचे होते, मुलांना रंग हवे होते, व्यवहार चोख. खाद्यपदार्थवाल्यांची मात्र सरकारने पंचाईत केली आहे: अतिरिक्त मेद, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांची जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरांच्या आत करू नये, असा नियम २०२० साली झाला. ५१व्या मीटरापासून बालशिक्षण मोकळे आहे.

नांदगाव खंडेश्वरासारख्या कपाशी-तुरीच्या तालुक्यात हे पवित्र कार्य बियाणे व औषधवाल्यांनी हाती घ्यावे, अशी आमची शिफारस असून वहीचा आराखडा आम्ही विनामोबदला सादर करीत आहोत. पहिल्या पानावर खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ, आणि संस्कृतिसंवर्धनार्थ शिखरावर कंपनीचे निशाण. दुसऱ्या पानावर फुटलेले बोंड. कापूस पांढरा, कागदही पांढरा, सबब येथे विद्यार्थ्यास काही काम नाही. तिसऱ्या पानावरील कपाशीचे फूल थोडे अडचणीचे आहे, कारण ते उमलते त्या दिवशी पांढरट-पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मुंबईच्या चित्रकाराला हे ठाऊक नसले तरी वावरात वाढलेला पोरगा “आजचं फूल रंगवू का कालचं?” असे विचारल्यावाचून राहणार नाही. अशा चौकस मुलास गप्प बसवून चौथ्या पानाकडे वळवावे. तेथे डोमकळी, तिच्यात गुलाबी बोंडअळी, आणि शेजारी पाठीवर पंप घेतलेला हसरा शेतकरी; त्याच्या तोंडाला फडके नाही, कारण फडके बांधले तर हसू दिसणार नाही.

याच पानावर औषधाची बाटली येते. खऱ्या बाटलीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याचा खालचा अर्धा भाग विषाच्या प्रतीनुसार रंगविलेला असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांतल्या त्यात सौम्य. जगातील समस्त रंगवह्यांत जेथे रंग चुकला असता जिवाशी गाठ पडते अशी हीच एक जागा असेल, आणि प्रचलित जाहिरातनीतीस अनुसरून नेमक्या तिच्यावर आम्ही बोधचिन्ह बसविले आहे.

नांदगावाहून आमच्या रस्त्याने नेर गावावरून पुढे गेले की यवतमाळ लागते. २०१७च्या हंगामात त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटलीबरोबर येणारे माहितीपत्रक मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असते. ते बापाला वाचवत नाही, पण चार रंगांचा चौकोन तिसरीतली मुलगीही त्याला समजावून सांगू शकते. तेव्हा मेहेरबान कंपनीवाल्यांस अर्ज असा की देऊळ, बोंड, हसरा शेतकरी, सर्व पाने आपण खुशाल आपल्या नावाने छापावीत. फक्त त्या चौकोनाचे एक कोरे पान, रंगांच्या खुलाशासह, फवारणी सुरू होण्यापूर्वी तालुक्यातील प्रत्येक शाळेत पोचते करावे.