बुध्याचा बुद्धिप्रकाश कसा करावा
(नंदुरबार जिल्ह्यातील समस्त हितचिंतकांसाठी)

धडगावकडच्या एखाद्या पाड्यावरचा सहा वर्षांचा मुलगा आश्रमशाळेच्या दारात आला, की त्याचा विकास तिथल्या तिथे सुरू करावा. उशीर झाला तर तो आहे तसाच मोठा होण्याचा धोका असतो.

आधी नाव. ‘बुध्या’ हजेरीपटात शोभत नाही. बुधाजी करावं, हात चालत असेल तर थेट बुद्धिप्रकाश. जन्मतारीख 1 जून. सगळ्यांचीच 1 जून असते. जुन्या नावावरून पोरगा बुधवारी जन्मला असेल, एवढं तरी कळत होतं. आता तोही पुरावा मिटला.

मग भाषा. पावरी बोलणाऱ्याला पहिल्याच तासाला मराठीत प्रश्न विचारावा. तो गप्प राहील. शेऱ्यात ‘मंद’ लिहावं. ही पद्धत फार जुनी असून एकदाही फसलेली नाही.

इथे एक इशारा. सरदार सरोवर धरणाने जिल्ह्यातली 33 गावं बाधित झाली, त्याच नदीकाठी नर्मदा बचाव आंदोलनाने 1991-92च्या सुमारास चिमलखेडी, निमगव्हाणला जीवनशाळा काढल्या. तिथे पोरांना त्यांच्याच बोलीत शिकवायला घेतलं, गुरुजीही बरेचसे जवळपासच्याच पाड्यांवरचे. जंगलातल्या झाडापाल्याबद्दल विचारलं तर पोरं धडाधड सांगतात. सगळ्यांनाच उत्तर येऊ लागलं तर ‘मंद’ कुणाला म्हणायचं? असल्या प्रयोगांपासून लांब राहावं.

प्रेरणादायी भाषण महिन्यातून एकदा. डॉ. राजेंद्र भारूड यांचं उदाहरण हमखास द्यावं: भिल्ल समाजातला मुलगा, अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकला, डॉक्टर झाला, आयएएस झाला आणि याच जिल्ह्यात कलेक्टर म्हणून आला. आई मोहाची दारू विकून घर चालवायची, हे त्यांनी स्वतःच पुस्तकात लिहिलंय. तो भाग तेवढा गाळावा.

9 सप्टेंबरला शिरीषकुमार मेहताचं स्मरण. 1942 साली याच नंदुरबारात तिरंगा हाती घेऊन शाळकरी वयाचा पोरगा गोळ्यांपुढे उभा राहिला, हे सांगताना आवाज चढवावा. त्याच दुपारी ‘वरणात एवढं पाणी का?’ असं विचारणाऱ्या पोराचं नाव लिहून घ्यावं.

सर्वांत अवघड प्रकरण होळीचं. होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार लागला की वसतिगृह आपोआप रिकामं होतं. रजेचा अर्ज कुणी देत नाही. गेलेला पोरगा काठी गावच्या राजवाडी होळीत कमरेला घुंगरं नि वाळलेले भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून रात्रभर नाचतो. त्याआधी कित्येक दिवस व्रत पाळतो, खाटेवर झोपत नाही. शाळेत ज्याला शिस्त नाही असा शेरा मिळालाय, तोच हा. होळी पेटते पहाटे. तोवर कुणी त्याला जागा राहा म्हणून दटावलेलं नसतं.

परत आल्यावर तो पहिल्या बाकावर पेंगेल. व्रत कसलं, टोप कुणी बांधला, असलं काही विचारू नये. तो सांगू लागेल, तेही मराठीत, न अडखळता, आणि गणिताचा तास बुडेल. गैरहजेरी मांडून मोकळं व्हावं.

स्नेहसंमेलनात मात्र हाच नाच बसवावा. मोरपिसं कागदाची चालतात. डीजे लावून चार मिनिटांत उरकावा. पाहुण्यांना जेवून परत निघायचं असतं.