मोकळी जागा नको

कळवणात बसस्टँडपासून बाजारपेठेपर्यंत लागणाऱ्या फ्लेक्सपैकी निम्मे तरी भाऊंच्या दुकानातले. भाऊंचा या जगात एकच शत्रू, मोकळी जागा. बॅनरवर चार बोटं पांढरं दिसलं की तिथे ते एखादा ‘भावी’ बसवतात. भावी मिळाला नाही तर गुलाबाचं फूल.

अशा माणसाने चॉकलेटवर फोटो छापायचा धंदा काढला. प्रिंटर निराळा, शाई खायच्या रंगाची. ही शाई पाण्यातली आणि चॉकलेट तेलकट, त्यामुळे थेट छापली तर धरत नाही. म्हणून आधी साखरेच्या पातळ शीटवर छापायचं, कातरायचं आणि पांढऱ्या चॉकलेटवर बसवायचं. तपकिरीवर रंग उठत नाहीत. अस्सल चॉकलेटातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास पातळ होतं, आणि आपला उन्हाळा काही तिथे थांबत नाही. तेव्हा भाऊ वनस्पती तेलाचं कंपाउंड वापरतात. गिऱ्हाइकाला ‘इंपोर्टेड’ सांगतात.

कांद्याला भाव असला की ऑर्डर खोक्यांची, पडला की डझनाची. यंदा उन्हाळ कांदा बरा गेलेला एक शेतकरी लेकीच्या जावळाची ऑर्डर घेऊन आला, सोबत म्हातारी आई.

“नुसता पोरीचा फोटो घ्या, भाऊ.”

“एकटी पोर? आणि मामा?”

“मामा कशाला?”

“जावळ कोणाच्या मांडीवर काढणार? आणि मामा घेतला की काका रुसतात, ते आत्ताच सांगून ठेवतो.”

दोन इंचांच्या वडीवर मामा, दोन काका, आजोबा, डाव्या कोपऱ्यात सप्तशृंगी माता, खाली ‘समस्त परिवार’. पोर जिऱ्याएवढी उरली.

म्हातारीने चष्मा वर करून स्क्रीन न्याहाळला. “देवीला दात लावू काय रे?”

गड कळवण तालुक्यातलाच. या प्रश्नावर इथे अपील नाही. देवी खोक्याच्या झाकणावर गेली. वडीचा डावा कोपरा रिकामा झाला आणि भाऊंचा चहा गार झाला.

माल हातात आला तेव्हा त्या कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर.

“अहो भाऊ, खाल्ल्यावर नंबर राहणार कुठे?”

“म्हणून तर झाकणावरही टाकलाय. देवीच्या पायाशी.”