टेलिफोनचा पाइप कुठाय?

घराचं काम काढलं की टाइल्सच्या रंगावर आठवडाभर खल होतो. टेलिफोनची वायर मात्र वायरमन विजेच्याच पाइपात कोंबून मोकळा होतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सगळीकडे असंच करतात.’ करत असतील, पण हे धोक्याचं काम आहे आणि ते थांबलंच पाहिजे.

फोन ठेवलेला असताना लाइनवर सुमारे 48 व्होल्ट डीसी असतो, आणि घंटा वाजताना 75 ते 90 व्होल्ट एसी. त्या वेळी उघड्या तारेला हात लागला तर चांगलाच झटका बसतो. पण घरातली विजेची वायर 230 व्होल्टची. टेलिफोनच्या वायरचं पातळ आवरण त्या दाबासाठी केलेलंच नसतं. पाइपात एका वळणावर दोन्ही वायरी सोलल्या, तर तो दाब थेट फोनपर्यंत पोचतो. तो फोन आजी कानाला लावून बसलेली असते!

आवरणं शाबूत राहिली तरी 50 हर्ट्‌झची घूंऽऽ फोनात उतरते. त्यावरचा इलाज जुना आहे. ग्रॅहम बेलने 1881 मध्ये पेटंट घेतलं ते दोन तारांना पीळ देण्याचं. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि फोनात पोचेपर्यंत एकमेकांना मारतो. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या चपट्या वायरीत हा पीळ नसतो. फोनपासून भिंतीपर्यंत हातभर ती चालेल, पण घरभर फिरवायला घेऊ नका. विजेची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पावसाळ्यातली खरखर वेगळी. ती बहुधा गंजलेल्या जॉइंटची असते. घरातली सगळी जोडणी काढा, एकच फोन थेट रोझेटला, म्हणजे लाइन घरात येते त्या डबीला, लावून ऐका. आवाज स्वच्छ आला तर दोष घरातला, नाहीतर लाइनमनला बोलवा. त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर आधी फिल्टर तपासा, नुसत्या सिसकारीचं कारण बहुतेक तेच. आणि वीज कडाडत असताना वायरचा फोन वापरू नका, पिन उपसायलाही हात लावू नका.

वायरमन भिंत बुजवायला निघाला की त्याला थांबवा. टेलिफोनचा पाइप वेगळा दिसला तरच सिमेंट कालवू द्या, आणि पैसेही तेव्हाच काढा.