कुंडी पिझ्झ्यावरून ठरत नाही

‘इटालियन हर्ब्ज’ म्हणून घरच्या बागेसाठी जो संच विकतात, त्याला माझा सरळ विरोध आहे. एक लांबट प्लास्टिकची कुंडी, तीत रोझमेरी, थाईम, ओरेगानो आणि बेसिल शेजारीशेजारी, खाली कोकोपीट आणि ‘रोज पाणी द्या’ अशी सूचना. ही चौघं एकत्र येतात ती पिझ्झ्यावर. मुळांचा पिझ्झ्याशी काही संबंध नाही. रोज पाणी घातलं की रोझमेरी कुजते, नाही घातलं की बेसिल मान टाकतं. घेणाऱ्यानं काहीही केलं तरी एक झाड जाणारच. मग तो म्हणतो, माझ्या हातालाच गुण नाही. हात चांगला असतो, कुंडीच चुकीची भरलेली असते.

रोझमेरी, थाईम, सेज, ओरेगानो ही भूमध्य समुद्राकाठच्या चुनखडीच्या, दगडगोट्यांच्या उतारांवर वाढणारी झाडं. तिकडे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. अथेन्सला वर्षभरात साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैची सरासरी ८०० च्या वर आहे. अथेन्सचा दोन वर्षांचा पाऊस आपण या झाडांवर एका महिन्यात ओततो, आणि तोही त्यांच्या सुकं राहण्याच्या दिवसांत.

पान नीट पाहिलं तरी झाडाची गरज कळते. रोझमेरीचं पान सुईसारखं, कडा खाली वळलेल्या, पोटाला पांढरी लव. अंगातलं पाणी उडू नये म्हणून झाडानं केलेला हा बंदोबस्त आहे. बेसिलचं पान रुंद, पातळ, मऊ. बेसिल मुळात भूमध्य प्रदेशातलं नव्हेच, ते उष्ण आशियातलं. जेनोवाच्या पेस्टोत वाटतात ते बेसिल आणि फालुद्यातल्या सब्जाचं झाड, दोन्ही एकाच जातीची: ऑसिमम बेसिलिकम. त्याला ऊन हवं आणि पाणीही हवं. त्याची जागा पुदिना-कोथिंबिरीच्या शेजारी.

सगळ्यात मोठा घात होतो तो लक्षणं ओळखण्यात. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते, मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांतून पाणी वर चढत नाही, म्हणून पानं तपकिरी पडून वाळतात. तहानलेलं झाडही असंच दिसतं. माणूस कळवळून आणखी पाणी घालतो आणि उरलेलं झाडही जातं. म्हणून पान वाळलेलं दिसलं की झारीला हात लावण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको.

उपाय सोपा आहे: दोन कुंड्या. एकीत बेसिल, पार्स्ली, पुदिना. नेहमीची खतमाती आणि नियमित पाणी. दुसरी मातीचीच घ्या, तळाचं भोक मोकळं ठेवा. निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे. काळी माती नको, ती पाणी धरून बसते. शेणखत मूठभर पुरे; जास्त खत घातलं तर झाड फोफावतं, पण पानांचा वास उतरतो. निदान सहा तास ऊन हवं. पावसाळ्यात ही कुंडी छताखाली, पण वारा खेळेल अशा जागी ठेवा. रोझमेरीचं बी उगवायला फार वेळ लावतं आणि पुष्कळदा उगवतच नाही. त्यापेक्षा पाऊस सरल्यावर वीतभराहून लहान फांदी घ्या, खालची पानं काढा आणि ओलसर वाळूत खोचा. छाटणी हिरव्या भागातच करा, कारण जुन्या, निष्पर्ण लाकडाला सहसा फूट येत नाही.

देशावरच्या कोरड्या हवेत हे सगळं जमतं. कोकणात सेजसाठी जीव टाकण्यापेक्षा पानओवा लावावा. ओरेगानोला वास देणारा कार्व्हाक्रॉल पानओव्यातही असतो, आणि थाईममधला थायमॉल तर आपल्या डब्यातल्या ओव्यात भरपूर आहे.

रोपवाटिकांनी संच जरूर विकावेत, पण पाण्याच्या गरजेप्रमाणे जोड्या लावून. आणि प्रत्येक रोपावर ‘पाणी कमी’ किंवा ‘पाणी जास्त’ एवढं तरी लिहावं. त्याला काही खर्च येत नाही. विकणारे हे करत नाहीत तोवर काम आपलं आहे. असा चौकडीचा संच घरात आला तर त्याच दिवशी बेसिल मुळांसकट काढून वेगळं लावा, आणि उरलेली तिघं जून लागायच्या आत छताखाली न्या.