फाटकनाना

भुशी धरण भरून पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागलं की ती बातमी दुपारच्या आत दादर-ठाण्याला पोचते. कोण पोचवतं कुणास ठाऊक, पण शनिवारी गाड्यांची रांग लोणावळ्यापासून पार धरणापर्यंत लागते. त्याच लोणावळ्यातल्या शाळेतून बुधवारी निघालेली 'सहावीच्या पालकांची सभा शुक्रवारी' ही एका ओळीची सूचना पाच-सहा किलोमीटरवरच्या भुशीत यायला मात्र पुढचा सोमवार उजाडतो. तोवर सभा आटोपलेली असते, पालकांच्या यादीत आमच्या नावापुढे फुली पडलेली असते आणि चिरंजीव घरी म्हणत असतात, "मी सांगितलं होतं की. तुम्ही फोनवर होता."

ही फट बुजवायला आमच्याकडे फाटकनाना आहेत. त्यांना शाळेनं नेमलेलं नाही, नगरपरिषदेनं नेमलेलं नाही. घरच्यांनी तर उलट तीन-चार वेळा काढून टाकायचा प्रयत्न केलेला आहे. नेमणूक त्यांची त्यांनीच केली आणि हुद्द्यावर रुजूही तेच झाले.

फाटक हे नानांचं आडनाव नाही. लोणावळ्याच्या पुढं रेल्वेच्या एका फाटकावर त्यांनी सगळी नोकरी काढली, म्हणून फाटकनाना. शाळेत नव्यानं आलेल्या एका बाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी आदरानं विचारलं, "फाटककाका, आपण मूळचे कोकणातले का?"

"न्हाई बाई," नाना म्हणाले, "मी मूळचा फाटकावरचा."

नाना निवृत्त झाले, पण फाटक त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. अंगात गुडघ्याखाली येणारा रेनकोट, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, त्याच दोरीला शिट्टी, काखेत छत्री आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली एक वही. सकाळी पोरं शाळेच्या रिक्षात कोंबली गेली की नाना मागं उभे राहून हिरवी झेंडी दाखवतात. झेंडी दाखवल्याशिवाय आमचा रिक्षावाला गिअर टाकत नाही. एकदा त्यानं टाकला होता. त्या दिवशी नानांनी त्याला जे ऐकवलं, त्यात अपघातांचा इतिहासच होता.

पहिली ते चौथीच्या पोरांकडे नाना बघतही नाहीत. त्यांचं कार्यक्षेत्र पाचवी ते आठवी. मी एकदा कारण विचारलं, आणि माझी संध्याकाळ गेली.

"चौथीपत्तूर पॅसेंजर गाडी," नाना म्हणाले. "दर स्टेशनाला थांबती. आया खिडकीतनं डबे देत्यात. दहावी म्हंजी राजधानी. तिला वाट द्यायला सगळे बाजूला हुत्यात. घरात टीव्ही बंद, पाव्हणे बंद. आन् मधली ही पाचवी ते आठवी म्हंजी कर्जत ते लोणावळा. खरा चढ हितं हाय. आन् नेमकं हितंच घरचे म्हणत्यात, मोठं झालं पोरगं, जाईल आपलं आपलं."

मी मान हलवली. मान हलवणं ही चूक होती.

"बोरघाटाचा चढ किती?"

"माहीत नाही."

"सदतिसास एक. सदतीस फूट पुढं जावा, एक फूट वर. ऐकाया बारीक वाटतंय, पर इंजिनाला इचारा. म्हणून कर्जतला गाडीच्या मागनं बँकर लावत्यात. जादा इंजिनं. वर वडताना दम कमी पडू नये आन् डबे मागं घरंगळू नयेत म्हणून. प्याशिंजरला दिसतोय का बँकर? न्हाई. कर्जतला मागनं एक धक्का बसतोय तेवढाच. आईबाप तसं पायजेत. दिसू नये, पर मागं असावं."

"पण नाना, आम्ही आहोत की मागं."

"तू?" नानांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "तू कर्जतलाच वडा खात बसलायस."

त्या दिवशी त्यांनी मला नंबर दिला. सदतीस. बोरघाटाच्या चढावरून. गावातला सगळ्यांत अवघड पालक, अशी त्याची फोड त्यांनी माझ्या बायकोला नंतर करून दाखवली आणि बायकोला ती लगेच पटली.

हा नंबर म्हणजे नानांच्या कारभाराचा पाया. रेल्वेत स्टेशनमास्तर फाटकवाल्याला फोनवर सांगतो, अमुक गाडी येतेय, फाटक बंद कर. फाटकवाल्यानं नुसतं 'बरं' म्हणून चालत नाही. फाटक बंद करायचं आणि मग त्याच्याजवळच्या तक्त्यातला पुढचा आकडा सांगायचा. तो प्रायव्हेट नंबर. दोन्हीकडच्या वह्यांत तो चढला की निरोप पोचला. नाहीतर कुणी कितीही घसा फोडला असला तरी निरोप पोचलाच नाही. रेल्वेत एक आकडा एकदाच वापरून खोडतात. नानांना तेवढा कागद परवडत नाही, म्हणून प्रत्येक घराला एकच कायमचा.

संध्याकाळी दार वाजतं. "सदतीस, हायेस का घरात?" मग निरोप. मग तो आपण उलट म्हणून दाखवायचा. मग नंबर. मग वहीत खूण. एवढं होईपर्यंत नाना उंबऱ्यावरून हलत नाहीत, चहाही घेत नाहीत. रेनकोटातून पाणी गळत राहतं आणि बायको माझ्याकडे बघत राहते.

"अहो नाना, ग्रुपवर आलंय ते," मी सुरुवातीला म्हणायचो. मी पुण्याला लोकलनं जाणारा कारकून. दिवसभर कागद आवक-जावक करणारा. मला निरोप पोचत नाही हे मला मान्य नव्हतं.

"ग्रुपवर काय आलंय?"

मी फोन काढला. सव्वीस सुप्रभात, अकरा गुलाब, एका आजोबांचा वाढदिवस, त्याला चौतीस शुभेच्छा आणि सगळ्यांच्या तळाशी आडवा काढलेला सूचनेचा फोटो. त्यात सूचना अर्धी आणि सरांचा अंगठा पूर्ण. शिवाय ग्रुपचा आवाज बंद होता. तो मी बंद केला नव्हता. चिरंजीव तेव्हा अभ्यासात अचानक गढून गेले.

"सिग्नल डायवरच्या हातात दिलास व्हय," नाना शांतपणे म्हणाले.

तेव्हापासून मी निमूटपणे नंबर सांगतो.

आता नानांची खरी अडचण अशी, की शाळेचं वर्ष आणि भुशीचं वर्ष एकाच दिवशी सुरू होतं. पंधरा जूनच्या सुमारास शाळा उघडते, आणि तेव्हाच पाऊसही उघडायचं नाव सोडतो. निम्म्या गावाची वर्षाची कमाई त्या दोन-अडीच महिन्यांत. कणसं, भजी, चहा, मॅगी. नव्या वर्षाच्या सूचना, फॉर्म, सभा सगळं नेमकं तेव्हाच, आणि तेही शाळेच्या सोयीनं शनिवारी. शनिवारी भुशीतल्या आईला सभेला बोलावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून आचाऱ्याला बोलावणं.

मग नाना सभा टपरीवर नेतात. रविवारी दुपारी, गर्दीच्या ऐन भरात, ते टपऱ्यांच्या रांगेतून शिट्टी वाजवत निघतात. धरणाकडे जाताना एक दुखरा कटाक्ष पायऱ्यांवर लोळणाऱ्या पब्लिककडे टाकतात. हे धरण मुळात रेल्वेनं बांधलं, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. नानांच्या लेखी ते अजून खात्याचंच आहे. "इंजिनाच्या प्यायच्या पाण्यात पाय धुत्यात," असं पुटपुटून ते कामाला लागतात.

जंतनाशक गोळ्यांच्या आदल्या रविवारी मी तिथं होतो. ऑगस्टात शाळेत पोरांना त्या गोळ्या देतात. नानांनी भज्यांच्या कढईशी उभं राहून, घाटात घुमेल अशा आवाजात सुरुवात केली, "बारा नंबर! पोरांच्या पोटात जंत हुत्यात! मंगळवारी गोळी! पोरगं आजारी असंल तर आदी सरांना सांगायचं! उलट बोल!" बारा नंबरची आई झारा हलवत तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "पोटात जंत, मंगळवारी गोळी, बारा!" शेजारी मुंबईचं एक कुटुंब भजी खात होतं. त्यांच्यातल्या बाईंनी प्लेट हळूच खाली ठेवली. नवऱ्यानं आणखी एक भजं उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि कुत्र्याला घातलं. बारा नंबरचा त्या दिवशी धंदा थोडा बसला. पण गोळी चुकली नाही.

नानांचा लेखी आदेशावर फार विश्वास, आणि त्याहून जास्त तारखेवर. २५ जुलै २०२४ ला पुणे जिल्ह्यात पावसानं थैमान घातलं तेव्हा मावळातल्या शाळांनाही प्रशासनानं सुट्टी दिली होती. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री तोच आदेश फोनाफोनी फिरत पुन्हा आमच्याकडे आला. बाहेर पाऊस कोसळतच होता. पोरांनी दप्तरं फेकली. आयांनी गजर बंद केले. रात्री दहाला नाना दारोदार. हातात बॅटरी. "तारीक वाचा! टायमटेबल मागल्या सालचं हाय! सकाळी गाडी हाय!" दुसऱ्या दिवशी आमच्या रिक्षातली सगळी पोरं वर्गात हजर होती, आणि वर्गात फक्त तीच होती. पोरांनी आठवडाभर नानांना ओळख दाखवली नाही.

पण नाना एवढ्यावर थांबत नाहीत. पुढच्या स्टेशनाची वर्दी मागच्या स्टेशनात द्यायची, हा त्यांचा नियम. सातवीच्या घरात शिरले की ते आठवीचं बोलतात. आमच्या शेजारच्या ताईंचं कणसांचं दुकान. त्यांची मुलगी सातवीत होती तेव्हाच नानांनी त्यांना एनएमएमएस शिष्यवृत्तीचं सांगायला घेतलं. आठवीत परीक्षा; पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार; घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे; सातवीचे मार्क बघतात, म्हणून आत्तापासून सांगतोय. ताईंनी उलट म्हणून दाखवलं, नंबर दिला आणि मग शंका काढली, "नाना, उत्पन्न कुठलं लिहू? जुलैतलं का जानेवारीतलं?"

नाना प्रथमच गप्प झाले. रेल्वेत पगार बाराही महिने सारखा. शेवटी ते स्वतः ताईंबरोबर वडगावला तहसील कार्यालयात गेले, दाखल्यासाठी दोन खेटे घातले आणि तिथल्या कारकुनालाही निरोप उलट म्हणायला लावला. त्यानं म्हटला. नंबर मात्र दिला नाही. नानांना ते अजून लागून आहे.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच हवेत, असा कायदा आहे. आम्ही एकदा म्हटलं, नाना, नात शिकतेय, तिच्या वतीनं तुमचंच नाव सुचवू. नानांनी हात जोडले. "फाटकवाला गाडीत बसत नसतोय."

हे सगळं नानांनी का मागं लावून घेतलं, ते त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांचा मुलगा टपरीवर असतो. एकदा कढईत भजी सोडता सोडता तोच म्हणाला, "आमच्या वक्ताला बाबा रातपाळीला. मी सातवीत दोनदा बसलो. त्यांना तिसऱ्या वर्षी कळलं." आणि खळखळून हसला. नाना बाजूलाच उभे होते. त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि मला विचारलं, "सदतीस, गणवेशाचं माप दिलंस का?"

पूर्वी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढ इतका खडा, की गाडी तिथं थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेनं काढावी लागे. १९२९ साली नवी लाइन झाली आणि ते बंद पडलं. "पोरांचं रिव्हर्सिंग अजून सातवीत हुतंय," नाना म्हणतात. "पुढं जातंय का मागं, वाईच कळत न्हाई. तवा आपण रुळात हुबं ऱ्हायचं न्हाई. नुसती झेंडी धरायची."

आमचे चिरंजीव यंदा सातवीत. परवा रात्री लोकल उशिरा आली. भिजत घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. दार उघडायच्या आतच पोरगं उंबऱ्यात उभं. गळ्यात शिट्टी, हातात प्लास्टिकच्या पिशवीतली वही.

"उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन. अकराला. घरातलं एक माणूस पाहिजे. उलट सांगा."

"आधी आत तर येऊ दे."

"उलट सांगा."

मी सांगितलं.

"नंबर?"

"सदतीस. नाना कुठायत?"

"ताप आहे त्यांना. नऊ घरं राहिली होती, मी म्हटलं मी करतो." त्यानं वहीत खूण केली. "आठ झाली मघाशीच. तुमची गाडी लेट होती, म्हणून फाटक बंद करता येईना."

आणि चपला घालून तो तसाच पावसात पळाला, वही पोचवायला. बायको म्हणाली, हातपाय धुवा. मी ओल्या बुटांनिशी दारातच उभा राहिलो. थोड्या वेळानं पलीकडच्या आळीतून शिट्टी ऐकू आली. एकच, बारीक, तापातली.

मग मी साहेबांना रजेचा मेसेज टाकला. साहेबांचं 'ओके' आलं. मी बराच वेळ त्या 'ओके'कडे बघत राहिलो. मग फोन लावला आणि म्हटलं, "सर, मी काय कळवलंय, ते जरा उलट सांगता का?"